चिकोंदीची आजी जिवंत आहे

अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये ऑक्टोबर लागला हे झाडांच्या आधी आयांच्या चेहऱ्यांवरून कळतं. झाडं बिचारी सावकाश घेतात. कोपऱ्यावरच्या मेपलची आधी एकच फांदी लालसर होते, मग आठवडाभर काहीच नाही, मग एका गार रात्रीनंतर सकाळी बघावं तर सगळी गल्ली पिवळी. बारावीतल्या मुलांच्या आयांना एवढा धीर नसतो. त्यांचे चेहरे एक तारखेलाच ओढलेले दिसतात. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता एक दुसरीला विचारते, "तुमचं एसेचं कुठवर आलं?" आणि दुसरी अगदी सहज सांगते, "दुसरा ड्राफ्ट चाललाय गं. कोच म्हणते, अजून डेप्थ हवी."

कॉलेजच्या अर्जाबरोबर इथे एक निबंध जोडावा लागतो. सतरा वर्षांच्या पोरानं पानभरात आपण कोण आहोत ते सांगायचं. मला एक्कावन्नाव्या वर्षी ते सांगता येणार नाही. पण आमच्या टाउनमध्ये त्यासाठी शिकवण्या आहेत, सुट्टीतली शिबिरं आहेत आणि घरोघरी एकेक संस्थापक, अध्यक्ष आणि समाजसेवक तयार होत असतो. एवढे समाजसेवक एका शाळेत असूनही समाज होता तिथेच कसा राहतो, हे मी गणित शिकवलेलं असूनही मला सुटलेलं नाही.

या ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका दुपारी बेल वाजली. समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली केतकी दारात होती. मूळची पुण्याची, गोड मुलगी, हातात स्टीलचा डबा.

"काकू, पहिल्यांदाच चकल्या केल्या यंदा, म्हटलं तुम्हाला द्याव्यात." मग डबा हातात देता देता म्हणाली, "आणि एक विचारायचं होतं. तुम्ही ते आफ्रिकेतल्या अनाथ मुलींना ऑनलाइन शिकवता ना? आमच्या ईशानला त्यात कुठे अॅड करता येईल का? नववीतच आहे तो, पण आत्तापासून सुरू केलं तर प्रोफाइल छान बिल्ड होईल."

मी विचार करून सांगते म्हटलं आणि दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक चकली खाल्ली. खुसखुशीत झाली होती, त्यामुळे जास्तच राग आला. बाहेर कुणाचा तरी पानं उडवायचा ब्लोअर घरघरत होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या पोरीचा काही दोष नव्हता. पण मला तीन वर्षांपूर्वीचा असाच ऑक्टोबर आठवला, हाच ब्लोअरचा आवाज, हाच तळणाचा वास. आणि वैशाली आठवली.

वैशाली माझी मैत्रीण. नागपूरची. होती म्हणू की आहे म्हणू, हे अजून ठरत नाही. चौदा वर्षांची ओळख. या देशात आले तेव्हा मला गाडी चालवायला तिनं शिकवलं, शेजारच्या सीटवर बसून, जोरजोरात हसत. माझी दोन बाळंतपणं अर्ध्यावर राहिली, तेव्हा हॉस्पिटलात उशाशी तीच होती. दुसऱ्या खेपेला तिनं माझे केस विंचरले, वेणी घातली आणि घरून आणलेला मऊ भात भरवला. अशा माणसाला तुम्ही कुलूप लावून भेटत नाही. दार उघडंच असतं.

मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवत होते. लग्नानंतर इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली, नोकरीची परवानगी नाही. परवानगी मिळेपर्यंत हातातला खडू सुटून इतकी वर्षं झाली होती की मलाच भीती वाटायला लागली. मग आमच्या लायब्ररीतल्या एका निवृत्त बाईंची ओळख झाली. त्या तरुणपणी मलावीत एका खेड्यातल्या शाळेत शिकवून आलेल्या. त्या शाळेचे हेडमास्तर, फिरी सर, गणिताला कुणी मिळतं का म्हणून विचारत होते. अकरा मुली होत्या. कुणाला आई नाही, कुणाला वडील नाहीत, बऱ्याच जणींना दोन्ही नाहीत. आजीजवळ, मावशीजवळ वाढलेल्या. मुलींच्या आपापल्या गावातली शाळा आठवीपर्यंत. त्यापुढच्या चार इयत्तांना तिकडे फॉर्म म्हणतात. ती फिरी सरांची शाळा लांब, म्हणून शाळेजवळच्या वसतिगृहात राहायचं. चौथी फॉर्म झाली आणि परीक्षा पास झालं की पुढची दारं उघडतात. न झालं तर परत गावात, आणि मग सगळं लवकर लवकर ठरतं.

पहिला शनिवार मला लख्ख आठवतो. आमच्याकडे सकाळचे नऊ, तिकडे दुपारचे तीन. शाळेच्या छपरावर सौरऊर्जेची एक पाटी आणि वर्गात एकच टॅबलेट, तो विटेला टेकवून ठेवलेला. पत्र्याचं छप्पर उन्हानं कडकड वाजत होतं. एक कोंबडी अख्खा तास बोलत होती, तिला म्यूट कसं करायचं ते कुणालाच कळेना. अकरा चेहरे एका चौकोनात दाटीनं बसलेले. मी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं, आमच्या बैठकीच्या खोलीत, दुकानातून आणलेल्या खेळण्यातल्या पांढऱ्या फळ्यावर. सोडवून झालं तशी मागून एक सडपातळ मुलगी उठून टॅबलेटपाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक पायरी गाळलीत."

ही चिकोंदी. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं, इथे मराठीत सांगते आहे. चिकोंदी म्हणजे त्यांच्या भाषेत प्रेम. पण मुलीचा स्वभाव नावासारखा अजिबात नाही. ती आधी तपासते, मग विश्वास ठेवते. मला ती त्याच दिवशी आवडली.

तिची आजी महिन्यातून एकदा रताळ्यांचं गाठोडं घेऊन चालत यायची आणि शनिवार असला तर वर्गात मागे बसायची. अंगाला रंगीत कापड गुंडाळलेलं, डोक्याला दुसरं. मी दिसले की दोन्ही तळवे पोकळ धरून हलकेच वाजवायची. तो त्यांचा नमस्कार. मग काहीतरी विचारायची आणि चिकोंदी जरा लाजून सांगायची, "आजी विचारते, तुम्ही जेवलात का?" सकाळी नऊ वाजता मी जेवले म्हणून सांगायची, कारण नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसायची.

वैशालीला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिचं मन मोठं होतं, हे मी आजही खोटं म्हणणार नाही. तिनं पंधरा दिवसांत आमच्या मंडळातली अकरा घरं गोळा केली. एकेका घरानं एकेका मुलीचं वसतिगृह आणि शाळा चौथी फॉर्मपर्यंत बघायची. तिनं स्वतः चिकोंदीला घेतलं. सगळ्या घरांचा आणि मुलींचा एकत्र व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा छातीवर हात ठेवून ती चिकोंदीला म्हणाली, "तू फोर्थ फॉर्म पास होईपर्यंत आम्ही कुठे जात नाही. प्रॉमिस."

पुढच्या शनिवारी वर्ग संपल्यावर चिकोंदी एकटीच टॅबलेटसमोर थांबली. "मॅडम, त्या बाई नुसतं बोलतात, की बोलतात तसं करतात?"

मी म्हटलं, "वैशालीनं शब्द दिला म्हणजे दिला."

मला कुणी साक्ष मागितली नव्हती. मी आपणहून दिली.

मग घराघरांतली मुलं 'ट्यूटर' म्हणून शनिवारी येऊ लागली. वैशालीची रिया तेव्हा अकरावीत. हूडीत तोंड खुपसून यायची, अर्धी झोपेत, पण एकदा जागी झाली की मुलींशी छान बोलायची. त्या पहिल्या नोव्हेंबरात आमच्या हातून एक फजिती झाली. इथे नोव्हेंबरात घड्याळं एक तास मागे सरकवतात. मलावीत नाही सरकवत, त्यांचा सूर्य वेळेवर असतो. आम्ही त्यांना सांगायचंच विसरलो. आपल्या नवाला, कॉफी घेऊन, निवांत स्क्रीन उघडली तर मुली तीनपासून तासभर टॅबलेटकडे बघत बसलेल्या. फिरी सर म्हणाले, "तुमच्याकडे काही अडचण आली असेल." चिकोंदी म्हणाली, "आम्ही उजळणी करत होतो." रियाचे कान लाल झाले होते. ती दोनदा सॉरी म्हणाली.

तर तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर. रिया बारावीत, चिकोंदी तिसऱ्या फॉर्ममध्ये. दसरा शनिवारीच आला होता. मी मुलींना म्हटलं, आज गणित सोडवायचं नाही, आज पाटीपूजन. आमच्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात. एकावर एक, एकाला एक जोडून. ती विद्येची देवी, आणि अंकांनीच बनलेली, म्हणून गणिताच्या बाईंची जरा जास्तच लाडकी. मी काढून दाखवली. तिकडे मुलींनी फळ्यावर काढली, अकरा जणींच्या अकरा. एकीच्या सरस्वतीला पाय फार झाले होते. तिकडे ऑक्टोबर कडक उन्हाचा, शाळेच्या आवारातली जॅकरांडाची झाडं नुसती जांभळी झालेली. चिकोंदी बाहेर जाऊन ओंजळभर फुलं घेऊन आली आणि गणिताच्या पुस्तकावर वाहिली. आजी त्या दिवशी आली होती. तिनं तळवे वाजवले. रिया माझ्या शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "मावशी, धिस इज सो प्रिटी." मला वाटलं, माझ्या आयुष्यात काहीतरी जमलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात रिया निबंध घेऊन माझ्याकडे आली. मी थालीपीठ लावलं होतं. ती टेबलाशी बसून वाचत होती आणि मी उलथणं हातात धरून ऐकत होते. तिनं त्या घड्याळाबद्दल लिहिलं होतं. आपण झोपेतून उठून उशिरा आलो आणि तिकडे अकरा मुली तासभर आपली वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही आणि त्याचीच आपल्याला जास्त लाज वाटली. बस, एवढंच. साधं होतं, थोडं अडखळणारं, पण खरं. मी तिला म्हटलं, "ह्यातलं अक्षर बदलू नकोस." ती दोन थालीपिठं खाऊन गेली.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. निबंधाच्या कोचनं मसुदा वाचला आणि म्हटलं, छान आहे, पण यात काही घडत नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. वैशालीनं ऐकलं. रियानंही ऐकलं.

मधल्या काळात एक दिवस वैशालीनं माझ्या ड्राइव्हवेत गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून कागद पुढे केला. "सही कर पटकन, डेडलाइन आहे." त्यात लिहिलं होतं, हा उपक्रम रियानं सुरू केला आणि दोन वर्षं दर शनिवारी गणित शिकवलं. ती आली होती सात शनिवार. माझं पेन 'सुरू केला'पाशी जरा थांबलं.

"अगं, तुझं काय जातंय?" वैशाली म्हणाली. "पोरीचं भलं होतंय ना?"

मी सही केली. आपल्या माणसाच्या लेकीसाठी सही करायची नाही तर कुणासाठी करायची? आमच्या इथे असंच चालतं. कुणी कुणाचं फाडून बघत नाही. आज माझं, उद्या तुझं.

डिसेंबरच्या मध्याला रियाला हवं ते कॉलेज मिळालं. वैशालीनं पेढे आणले, मला कडकडून मिठी मारली, आम्ही दोघी रडलो. दोन दिवसांनी तिनं एक लिंक पाठवली. हायस्कूलनं आपल्या वेबसाइटवर रियाचा निबंध उत्तम निबंध म्हणून छापला होता. वैशालीनं ती सगळ्या ग्रुपांवर टाकली, आमच्या शनिवारच्या ग्रुपवरही. त्यात फिरी सर होते. मी तेव्हा कणीक मळत होते. एका बोटानं लाल बदाम टाकला आणि फोन ठेवून दिला. वाचलं नाही. मी तर तो ऐकला होता ना, थालीपीठ लावताना.

फिरी सरांना अभिमान वाटला. त्यांनी निबंध छापून घेतला आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे वाचायला सुरुवात केली. आपल्या शाळेबद्दल अमेरिकेत छापून आलं होतं, ते मुलांनी ऐकावं एवढंच त्यांच्या मनात होतं. निम्मा वाचून झाल्यावर ते थांबले. पण तोवर ते वाक्य तोंडातून गेलं होतं.

चिकोंदी रांगेतून पुढे आली आणि म्हणाली, "माझी आजी जिवंत आहे. काल तिनं मला आंबे पाठवले." मग ती वसतिगृहात गेली, ट्रंक भरली आणि ट्रंक डोक्यावर घेऊन घरी निघून गेली.

हे मला शनिवारी सरांनी सांगितलं. वर्गात दहाच मुली होत्या. सर म्हणाले, "मी आधी पूर्ण वाचायला हवं होतं. चूक माझी आहे." त्यांच्या आवाजात एकाही शब्दाचा आरोप नव्हता. मी स्क्रीन बंद केली आणि मग तो निबंध वाचला.

त्यात रिया मलावीला गेली होती. खरी रिया न्यूयॉर्कच्या विमानतळापर्यंत जाते ती दर दोन वर्षांनी नागपूरला जायला. निबंधातली रिया धुळीच्या वाटेनं चालत एका झोपडीत जाते. तिथे चिकोंदी, खरं नाव आणि खऱ्या गावासकट, मरणाऱ्या आजीचा हात धरून बसलेली असते. आजी शेवटच्या श्वासाआधी मातीत बोटानं एक प्राचीन चिन्ह काढते, उभ्या उभ्या रेघांचं, त्यांच्या जमातीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आणि रियाला त्या क्षणी शिक्षणाचा अर्थ समजतो.

उभ्या रेघांचं चिन्ह. आमची सरस्वती. साताऱ्याची, एकाच्या आकड्यांची, जी मी खेळण्यातल्या फळ्यावर काढली होती. मी आधी चक्क हसले. मग मला बसवेना, मग उठवेना.

वैशालीकडे चालतच गेले. दुपारची वेळ होती, ती गॅरेजच्या दारावर ख्रिसमसचे दिवे लावत होती. मी तिला सांगितलं तिकडे काय झालं ते. तिचा चेहरा क्षणभर उतरला, ते मी पाहिलं. मग तिनं तो सावरला.

"अगं, खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात," ती म्हणाली. "चांगलंच झालं की म्हातारीचं."

"वैशाली, त्या मुलीला सगळ्या शाळेसमोर ऐकावं लागलं."

"ते सरांनी वाचायला नको होतं ना यार. मी लिंक फक्त शेअर केली."

रिया दारात येऊन उभी होती. मोजे घातलेल्या पायांनी. ती म्हणाली, "मावशी, एव्हरीवन डझ इट. इट्स जस्ट अ कॉलेज एसे." आणि मग हळूच, "इज हर ग्रँडमा ओके?" मला तिचा राग यायला हवा होता, पण त्या दुसऱ्या वाक्यानं तो पुरता आला नाही.

मी वैशालीला म्हटलं, निबंध काढून टाकायला सांग आणि चिकोंदीला एक पत्र लिही. तुम्ही दोघींनी. ती शिडीवरून खाली उतरली. दिव्यांची माळ तिच्या हातात तशीच लोंबत होती.

"आता काढला तर अॅडमिशनवर प्रश्न येतील. माझ्या पोरीचं आयुष्य आहे ते." मग ती म्हणाली, "तुला मुलं नाहीत ना, तुला नाही कळायचं हे."

जिनं माझी वेणी घातली होती तिच्या तोंडून हे आलं. तिला माहीत होतं ते वाक्य कुठे लागेल, कारण ती जागा तिनंच कधीकाळी हातानं पुसून घेतली होती. दगा हा शब्द मला नाटकी वाटायचा. आता वाटत नाही. अनोळखी माणसाला दगा देता येत नाही, त्याच्यापाशी तेवढा पत्ताच नसतो. मी घरी आले आणि उरलेले पेढे डब्यासकट कचऱ्यात टाकले.

जानेवारीपासून एकेक घर गळायला लागलं. कुणी भांडलं नाही. कुणाच्या मुलाचं अॅडमिशन झालं होतं, कुणाचा गावोगावच्या सामन्यांचा ट्रॅव्हल सॉकर सुरू झाला होता, कुणी 'सध्या जरा होल्डवर ठेवू या' म्हणालं. होल्डवर काय होतं, तर मुलींची तिसरी फॉर्म. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी शाळेत मराठीच्या बदली तासाला फळ्यावर लिहून दिलेली आहे, अर्थासहित. लायब्ररीतल्या बाई, माझा नवरा सुधीर, मी आणि दोन घरं, असे आम्ही जमेल तसं ओढत राहिलो. अकरापैकी सात जणी चौथ्या फॉर्मच्या शेवटापर्यंत गेल्या. चार जणी नाही गेल्या. त्यांचे चेहरे चौकोनात कुठे कुठे बसायचे ते मला आजही सांगता येईल.

चिकोंदीनं शाळा सोडली नव्हती. वसतिगृह सोडलं होतं. तिनं सरांना सांगितलं, मला त्या घरांचं काही नको. तिकडे तेव्हा पावसाळा. आजीच्या घरून दोन तास चालत यायची, दोन तास परत. मी पाठवलेले निरोप सर तिला वाचून दाखवायचे, ती ऐकून घ्यायची आणि उत्तर द्यायची नाही. इकडे बर्फ पडायचं. मी दर शनिवारी नवाला फळा पुसून बसायची आणि मागच्या रांगेत बघायची. शिकवताना माझं लक्ष नसायचं, हे दहा मुलींच्या लक्षात आलं असणार. त्यांच्यावरही तो अन्यायच होता.

मार्चमध्ये एका शनिवारी ती आली. आजीबरोबर. सगळ्यात मागे बसली. बाकीच्या गेल्यावर टॅबलेटपाशी आली.

"मॅडम, तुम्ही ते वाचलं होतं का?"

"पहिलं ऐकलं होतं. हे वेगळं होतं. हे वाचलं नव्हतं."

"खाली तुमचा बदाम होता. सरांच्या फोनवर मी पाहिला."

मी म्हटलं, "हो. न वाचता दिला."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला कारणं सांगता आली असती. कणीक, मैत्रीण, विश्वास. वैशालीनं मला फसवलं होतं हे शंभर टक्के खरं होतं, आणि त्या मुलीपुढे ते खरं काडीच्या उपयोगाचं नव्हतं. वैशालीबद्दल तिला साक्ष मी दिली होती, आणि खोट्या कागदावर सहीही माझीच होती. ते सहीचंही मी तिला तेव्हाच सांगितलं. सांगून झाल्यावर मला रडू आलं. ती बघत राहिली, तिनं मला समजावलं नाही.

मग ती म्हणाली, "माझा तुमच्यावर राग आहे. तो जाणार नाही इतक्यात. पण वर्गसमीकरणं अडली आहेत."

आणि वही उघडली. आजीनं मागून काहीतरी विचारलं. या वेळी चिकोंदीनं भाषांतर केलं नाही, पण मी ओळखलं आणि जेवले म्हणून मान हलवली.

वसतिगृहात ती परत गेली नाही. चौथी फॉर्म चालतच पूर्ण केली आणि पास झाली. आता प्राथमिक शिक्षिकेचं प्रशिक्षण घेते आहे, आणि शनिवारचा वर्ग नव्या मुलींसाठी अजून चालतो, तिथेही येऊन बसते. निबंध वेबसाइटवर वर्षभर होता, मग तिथे दुसऱ्या कुणाचा आला. वैशाली मला ग्रोसरीत भेटते. "कशी आहेस? वजन कमी केलंस वाटतं," असं बोलते आणि मी बोलते. एकदा तिचा हात माझ्या ट्रॉलीवर राहिला जरा जास्त वेळ, मला वाटलं आता म्हणेल काहीतरी. तिनं चांगल्या हापूसच्या पेट्या कुठे येतात ते सांगितलं. मला तिची आठवण येते, हे सगळ्यात वाईट. गाडी चालवताना उजवीकडे वळायच्या आधी मी अजून तिनं शिकवलेल्यासारखी मान वळवते.

चकल्यांनंतर दोन दिवसांनी केतकीचा डबा परत केला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून बेसनाचे लाडू भरले. तिला म्हटलं, "ईशानला दिवाळीनंतर शनिवारी पाठव. नऊ म्हणजे नऊ. कोंबडीचा आवाज सहन करावा लागेल. आणि त्या मुलींबद्दल त्यानं कुठे एक ओळ लिहायची नाही. अर्जात नाही, कुठेच नाही." केतकी जरा गोंधळली. "मग काकू, त्याचा उपयोग..." एवढं बोलून थांबली. बघू, येतो का ते. नाही आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता राहिला हा लेख. मुलींबद्दल ओळ लिहायची नाही म्हणून दुसऱ्याच्या पोराला दम देणारी बाई स्वतः एवढी पानं लिहून बसली आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल तर मीच सांगते. लिहायला घेतलं तेव्हाच मी चिकोंदीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी मला वाचून दाखवा. सगळं." तीन शनिवार वर्गानंतर मी तिला हे इंग्रजीत करून वाचून दाखवलं. चिकोंदी हे तिचं नाव नाही, तिनंच निवडलेलं आहे. फिरी सरांचं नाव आणि इथल्या सगळ्यांची नावंही बदललेली आहेत, वैशालीचंसुद्धा. तेही चिकोंदीच्याच सांगण्यावरून. कोंबडीपाशी ती हसली. चार मुलींपाशी तिनं मला थांबवलं आणि त्यांचा आकडा बरोबर आहे ना ते मोजून पाहिलं.

शेवटाकडे एक परिच्छेद होता. तिच्याबद्दलचा, त्या पावसाळ्यातल्या एका दिवसाचा. मला वाटतं मी आजवर लिहिलेल्यातला तो सगळ्यात चांगला होता. तो तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"हे खरं आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण ते माझं आहे."

तो मी काढून टाकला.